कांजीच समजा

उकळत्या पाण्यात कोणीतरी सुखाने नांदत असतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. परका असता तर लांबून नमस्कार करून सुटलो असतो. पण त्यांची बायको आणि माझी बायको या रामाकोना गावच्या एकाच घरातल्या सख्ख्या बहिणी, त्यामुळे सणावाराला पाटाला पाट लावून बसणं आलंच. ते थोरले जावई, मी मधला. ते सौंसरच्या कॉलेजात प्राध्यापक, मी पांढुर्ण्याच्या बाजारात कापडवाला. ते जे बोलत ते मला कळत नसे, आणि मला कळत नाही हे त्यांना कळत नसे, आणि एवढ्या पायावर आमचं जन्मभर उत्तम जमलं. आजही लोक विचारतात, तुमचे साडभाऊ नेमकं काय करायचे हो? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो, कारण दर वेळी मला ते वेगळंच आठवतं.

त्यांची माझी पहिली भेट न्हाणीच्या मोरीशी झाली. माझा पहिला दिवाळसण; माझ्या लग्नाला ते परीक्षेच्या कामामुळे आले नव्हते. पहाटे अंगाला तेल-उटणं लावून मी जावयाच्या तोऱ्यात न्हाणीत शिरलो, तर एक गृहस्थ मोरीच्या तोंडाशी उकिडवे बसून, जिथे हंड्यातलं कढत पाणी सांडतं तिथला बुळबुळीत थर चहाच्या चमच्याने खरवडत होते. मला वाटलं, घरचा गडी असेल. मी म्हणालो, "बाबा, जरा बाजूला सर." ते सरकले, आणि मान वर न करता म्हणाले, "करा ना आंघोळ. पण थंड पाणी एकदम टाकू नका. या लोकायले गरमाची सवय आहे, बिचकतात." मी घाईघाईने पंचा सावरला आणि ते 'लोक' शोधू लागलो. त्यांनी तो थर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरला, वर रबरी बूच दाबलं आणि बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवून निघून गेले. तासाभराने ओवाळायला आम्हा दोघा जावयांना शेजारी बसवलं, तेव्हा तो सदरा मी ओळखला. त्यांनीही मला ओळखलं. "तुम्ही पाणी लय सांडता," एवढंच म्हणाले आणि लाडवाकडे वळले.

पुढे दोन-तीन वर्षं मी त्यांचं शास्त्र समजून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. माझं डोकं कापडाच्या हिशोबात बरं चालतं, तेव्हा अगदीच मठ्ठ नसेन. पण त्यांच्यासमोर बसलं की दहाव्या मिनिटाला माझी अवस्था जत्रेत हरवलेल्या माणसासारखी व्हायची. एकदा त्यांनी चहा बाजूला ठेवून, सुपारी आणि अडकित्ता पुढ्यात घेऊन मला शिकवलं. "हे पहा, जंतू महत्त्वाचा नाही, जंतूजवळचा अडकित्ता महत्त्वाचा. जंतू एवढासा, अन् भाताचं शीत त्याच्यासाठी डोंगर. मग तो काय करते? अडकित्ता बाहेर फेकते. अडकित्ता शिताचे तुकडे करते, अन् हा बसल्या जागी खाते. त्या अडकित्त्याले म्हणतात विकर."

"म्हणजे विकर हा त्या जंतूचा भाऊबंद."

"नाही ना बापा! विकर जिवंतच नसते."

"पण काल तुम्हीच ताईंना म्हणत होता, स्टोव्ह मोठा झाला अन् विकर मेलं."

"मेलं मतलब बिघडलं. अडकित्ता वाकडा झाला. मग सुपारी कटत नाही."

"जिवंत नाही, पण मरतं."

"बिघडते!" ते ओरडले. आतून ताई, म्हणजे त्यांची बायको, डोकावून गेल्या. मी मान डोलावली. जिवंत नसून मरणारी आणि मेलेली नसून बिघडणारी ही वस्तू काय असावी, याचा विचार मी घरी परतताना बसमध्ये केला आणि वाटेत मोहगाव आल्यावर सोडून दिला.

त्यांना हवा होता तो भलताच दणकट अडकित्ता. मागावरून कापड निघतं तेव्हा सुताला कांजी लावलेली असते, ती काढल्याशिवाय रंग बसत नाही, आणि ती काढायला गिरणीवाले कापड असल्या जहाल पाण्यात उकळतात की कांजीबरोबर सुताचाही जीव जातो. यातलं कापडाचं तेवढं मला कळे. साडभाऊंचं म्हणणं असं, की जे विकर उकळत्या सोड्याच्या पाण्यातही वाकडं होणार नाही, ते नुसती कांजी खाईल आणि सुताला हात लावणार नाही. मग असलं विकर कोणाजवळ असणार? जो जन्मापासून उकळत्या सोड्यात राहिला त्याच्याजवळ. आणि असा जंतू कुठे राहणार? यावर ते बोट वर करून थांबत, आणि मग तेच म्हणत, "परसरामच्या भट्टीत!"

परसराम हा सौंसरचा धोबी. त्याची भट्टी ओढ्याच्या काठाला होती. साऱ्या गावाचे कपडे तिथे सोडा टाकून वाफवले जात आणि गावाची सगळी कांजी तिथेच गळून पडे. साडभाऊ पहिल्यांदा बाटल्या घेऊन तिथे गेले तेव्हा परसरामला वाटलं, हैज्याची, म्हणजे पटकीची, साथ आली आणि सरकारने तपासायला डॉक्टर पाठवला. त्याने घाबरून भट्टी विझवली. त्याला समजवायला साडभाऊंना आठवडा लागला. त्याला सगळं समजलं, फक्त ते डॉक्टर नाहीत एवढं नाही समजलं. "डागदरसाब, आज गाळ बढिया जमला आहे, घेऊन जा," असा तो भर बाजारात ओरडे. कॉलेजातले सहकारी हसत, कारण साडभाऊंचं डॉक्टर होणंच तर अडलेलं होतं. नागपूरच्या एका वृद्ध सरांकडे त्यांनी प्रबंधासाठी नाव नोंदवून सात वर्षं झाली होती, आणि प्रबंधात 'असा जंतू असावा' इथपर्यंतच मजकूर आला होता.

या सात वर्षांत ताईंच्या घरातली एकही बशी पांढरी राहिली नाही. जंतूने कांजी खाल्ली की नाही हे पाहायला साडभाऊ बशीत भाताच्या पेजेचा थर गोठवत, त्यावर जंतू ठेवत आणि दोन दिवसांनी टिंक्चर आयोडीन ओतत. कांजी असेल तिथे बशी काळीनिळी होई, आणि जंतूने खाल्लं असेल तिथे चंद्रासारखं स्वच्छ गोल वर्तुळ उरे. ते दिसलं की हा माणूस लहान पोरासारखा घरभर फिरे. औषधांच्या दुकानदाराला काळजी लागली, की प्रोफेसरसाहेबांच्या घरी दर आठवड्याला एवढं कोण पडतं? हळूहळू त्यांना सगळी सृष्टीच आयोडीनमधून दिसायला लागली. खिशात थेंबाची बाटली कायम. माझ्या कडक सदऱ्याची कॉलर त्यांनी बोलता बोलता निळी केली आणि "भरपूर आहे" म्हणून समाधानाने मान हलवली. एकदा कॉलेजच्या एका बड्या माणसाच्या घरी आम्हा दोघांना बासुंदीचं जेवण होतं. सगळे बासुंदीची तारीफ करत होते. साडभाऊंनी वाटीत एक थेंब टाकला. बासुंदी शाईसारखी निळी झाली. "आरारूट," ते यजमानीण बाईंकडे पाहून प्रेमाने म्हणाले, "बरं केलं तुम्ही, निर्मळ दूध आजकाल परवडते कुणाले?" त्यानंतर आम्हाला त्या घरी बोलावणं आलं नाही. मला अजून ती बासुंदी आठवते, कारण माझी वाटी तोंडाशी गेली होती ती तशीच खाली आली.

अखेर परसरामच्या भट्टीतला एक जंतू त्यांना मानवला. पण जसा सापडला तसा घेतला तर ते साडभाऊ कसले. त्याला आणखी दणकट करायचं त्यांनी मनावर घेतलं. दर आठवड्याला पाणी एक डिग्रीने जास्त तापवायचं, सोडा चिमूटभर वाढवायचा. बहुतेक मरत, थोडे उरत. जे उरले त्यांचीच पुढे पैदास करायची. मे महिन्यात बशा पत्र्यावर नेऊन उन्हात ठेवायच्या. मी विचारलं, "हे काहून?" तर म्हणाले, "उन्हानं त्याईच्या अंगात फरक पडते. शंभरातले नव्याण्णव बिघडतात, एखादा सुधारते. आपल्या इकडच्या उन्हात जो टिकला तो दुनियेत कुठंही टिकते." ताई म्हणायच्या, "इतके लाड आमच्या पोराचे नाही झाले." खरंच होतं ते. जंतूंना पेज पाजल्याशिवाय साडभाऊ स्वतः ताटावर बसत नसत.

गंमत अशी, की मला दोन-तीन वर्षांत जे कळलं नाही ते आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, एका बैठकीत कळलं. ते कपाशी-संत्र्याचे जुने शेतकरी. ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मतलब तुम्ही बियाणं धरून राहिले. पाणी नाही पडलं त्या साली जे झाड उभं राहिलं, त्याचं बी आम्ही बाजूले काढतो, तसं." साडभाऊंचे डोळे भरून आले. "बस, मामाजी, हेच! याच्यापरीस जास्त काही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तुमाले कसं नाही समजून राहिलं?" मी म्हणालो, मी बी पेरत नाही, मीटरने कापतो. यावर मामाजी हसले, पण साडभाऊंनी ते फार गंभीरपणे घेतलं, आणि माझ्यासाठी सोपं उदाहरण शोधायचं मनात धरलं. ते उदाहरणच पुढे सगळ्यांना भोवलं.

नागपूरच्या सरांचं पत्र आलं ते धाकट्या साळीच्या, म्हणजे मेहुणीच्या, लग्नाच्या तोंडावर. सर येत्या सोमवारी निवृत्त होणार होते. सोमवारी संध्याकाळपर्यंत जिवंत नमुना त्यांच्या टेबलावर आला आणि त्यांनी तो तपासून सही केली, तर प्रबंध पुढे जाणार होता. नाही आला तर नाव कमी होणार, सात वर्षं पाण्यात. आणि लग्न शनिवारी, रामाकोन्याला. साडभाऊंनी ठरवलं, लग्न आटोपून सोमवारी सकाळच्या छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने तिथूनच नागपूर गाठायचं. जंतूंना मागे ठेवणं शक्यच नव्हतं, पेज कोण पाजणार? म्हणून जोखमीच्या काचेच्या नळ्या एका पेटीत आणि भरभक्कम वाण एका स्टीलच्या डब्यात, असा सगळा संसार घेऊन ते गुरुवारी रामाकोन्याला उतरले. उतरताना पेटी फलाटावर पडली आणि सगळ्या नळ्यांचा चुरा झाला. डबा तेवढा ताईंच्या हातात होता म्हणून राहिला. मी घ्यायला गेलो होतो. साडभाऊ काचांकडे पाहत म्हणाले, "असू द्या. डबा आहे ना." आणि डबा ताईंच्या हातून स्वतःकडे घेतला.

डबा कोमट राहायला हवा म्हणून तो मागच्या अंगणातल्या चुल्हाणाशेजारी ठेवला. शुक्रवारी दुपारी साडभाऊंना मामाजींबरोबर सामानासाठी सौंसरला जावं लागलं, तेव्हा डब्याची राखण त्यांनी माझ्याकडे दिली. मी विचारलं, "यात नेमकं आहे काय, तेवढं सांगून ठेवा. कोणी विचारलं तर?" त्यांनी बोलायला तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला, आणि त्यांना दया आली. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी ना, कांजीच समजा." मला इतकं बरं वाटलं! इतक्या वर्षांत त्यांचं एक वाक्य मला पहिल्या झटक्यात कळलं होतं.

आता त्या घरचा रिवाज सांगायला हवा. लग्न लागताना मांडवात उभा राहणारा घरचा प्रत्येक पुरुष कांजीच्या कडक पांढऱ्या धोतरात असला पाहिजे, असा मामाजींचा दंडक होता. मामाजींचं स्वतःचं धोतर तर खाली ठेवलं तरी उभं राहील असं असे. आम्ही जावई, मेहुणे, चुलतमेहुणे सगळे एरवी पँटवाले. आमच्या कमरेला धोतर टिकायचं ते केवळ कांजीच्या भरवशावर. धोतरं माझ्याच दुकानातून आलेली, आणि त्या दुपारी मोहगावहून आलेल्या काकूबाई, म्हणजे बायकोची चुलती, मागच्या अंगणात गंगाळभर कढत कांजी घोटत बसल्या होत्या. चिमूटभर सोडा टाकून, म्हणजे पिवळी पडत नाही. त्यांना या घरच्या थोरल्या जावयाचे उद्योग ठाऊक नव्हते. कांजी थोडी कमी पडेल असं त्यांना वाटलं, नजर फिरवली तर चुल्हाणाशेजारी डबा. झाकण काढलं. आत गढूळ, पांढरं, आंबूस वासाचं, कोमट. काकूबाई ओसरीकडे तोंड करून म्हणाल्या, "जावईबापू, या डब्यात कांजी आहे काय जी?"

मी पेपर वाचत होतो. आणि पूर्ण आत्मविश्वासाने, आयुष्यात पहिल्यांदाच साडभाऊंच्या विषयात मला खात्रीचं उत्तर येत होतं म्हणून काहीशा अभिमानाने, म्हणालो, "हो, कांजीच!"

काकूबाईंनी डबा गंगाळात उपडा केला, मग राखेने लख्ख घासून त्यात ताक भरून ठेवलं. मी उठून पाहिलं तेव्हा डबा जागच्या जागी होता, झाकण लावलेलं होतं. साडभाऊ परत आले, तेही डबा पाहून निश्चिंत झाले. चुल्हाण आता विझलं होतं, तेव्हा त्यांनी डब्यावर स्वतःची शाल तेवढी गुंडाळली. ते ताक त्या रात्री शालीत झोपलं.

शनिवारी धोतरं नेसायला घेतली तेव्हाच काहीतरी चुकल्याचं लक्षात यायला हवं होतं. एकाही धोतराला कडकपणा नव्हता. ओल्या फडक्यासारखी ती पायांना चिकटत होती. निऱ्या धरल्या की बसत आणि सोडल्या की निजत. मेहुण्याने मला विचारलं, "दुकानात जुना माल होता काय?" मी अपमान गिळला. आतल्या बाजूने कमरेला करगोटा, सुतळी, जे सापडेल ते बांधून आम्ही सगळे मांडवात उभे राहिलो. वरात आली. मंगलाष्टकं सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला मेहुण्याने एक पाय उचलला. मग दुसरा. मग माझ्या पोटरीला काहीतरी चावलं. खाली पाहिलं तर लाल मुंग्यांची रांग माझ्या धोतरावर शिस्तीत चढत होती, आणि तशाच रांगा आमच्या घरच्या प्रत्येक पुरुषाच्या पायाशी होत्या. व्याहीमंडळी चकित होऊन पाहत होती. त्यांना वाटलं, आमच्याकडे मंगलाष्टकांना नाचायची पद्धत असावी, आणि त्यांच्यातल्या एका काकांनी आदराने एक-दोन उड्या मारूनही पाहिल्या. फक्त मामाजी खांबासारखे उभे होते. मुंग्या त्यांच्या गुडघ्यापर्यंत गेल्या होत्या, पण मुलीचं लग्न लागत होतं, आणि तो माणूस हलला नाही.

साडभाऊ माझ्या शेजारीच होते. त्यांनी मुंग्यांकडे पाहिलं. धोतराचा सोगा उचलून हुंगला. आणि मग साऱ्या मांडवादेखत तो जिभेला लावला. त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी नवरदेवाच्याही चेहऱ्यावर पाहिला नाही.

"गोड आहे!" ते ओरडले. भटजी थांबले.

"काय गोड आहे?" मामाजी ओठ न हलवता म्हणाले.

"धोतर! मामाजी, कांजीची साखर झाली! उकळत्या कांजीची! सोड्यासकट!" त्यांनी खिशातून बाटली काढून स्वतःच्या धोतरावर थेंब टाकला. निळा झाला नाही. माझ्या धोतरावर टाकला. नाही झाला. वाकून मामाजींच्या धोतरावर टाकला, तिथेही नुसता पिवळा डाग. मग कोणाला काही कळायच्या आत ते पलीकडे गेले आणि व्याह्यांच्या कडक, करकरीत, घरून नेसून आलेल्या धोतरावर मोठा थेंब सोडला. तो मात्र दौत सांडल्यासारखा निळाकाळा पसरला. व्याही गरजले, "हे काय करून राहिले तुम्ही?" साडभाऊ हात जोडून म्हणाले, "माफ करा, पण मुकाबल्याले, ताडून पाहाले, एक साधं धोतर लागते ना." मामाजींनी व्याह्यांचे पाय धरले, भटजींनी उरलेली मंगलाष्टकं एका दमात संपवली आणि अक्षता पडल्या म्हणून लग्न लागलं असं मी समजतो.

आणि त्या अक्षता पडत असतानाच साडभाऊंचा चेहरा उतरला. धोतरात ते आलं कसं, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. ते मागच्या अंगणात धावले, शाल सोडली, झाकण काढलं. मी मागे होतो. त्यांनी ताकाकडे पाहिलं, एक थेंब आयोडीनचा टाकला, आणि झाकण पुन्हा लावलं. जगातला त्यांचा एकमेव प्रयोग मोठ्या प्रमाणावर, पूर्णपणे, साक्षीदारांसमक्ष यशस्वी झाला होता, आणि दाखवायला हातात काही नव्हतं. काकूबाई रडायला लागल्या. साडभाऊच त्यांना म्हणाले, "तुमची काय गलती? दिसतेच ते तसं." कांजी आहे असं कोणी सांगितलं, हे काकूबाई बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. मुंग्यांमुळे बायकांनी हाताला लागली ती सगळी धोतरं त्याच संध्याकाळी खळखळून धुऊन टाकली, आणि रविवारी सकाळी साडभाऊ दोरीवरच्या त्या शुभ्र रांगेपुढून एकेक सोगा हुंगत जाताना दिसले. मला ते पाहवेना. दुकानाचं निमित्त करून मी पहिल्या बसने पांढुर्ण्याला पळालो.

सोमवार आला आणि गेला. मंगळवारी बायकोने लग्नाची पिशवी उपसली आणि आतून मुंग्यांचा लोंढा निघाला. लग्न लागल्यावर चिडून मी आत जाऊन पँट चढवली होती आणि धोतर तसंच पिशवीत कोंबलं होतं. "धुते हे," ती म्हणाली. मी तिच्या हातून ते अक्षरशः हिसकावलं. साडभाऊंचं एक जुनं वाक्य आठवलं होतं, मला न कळलेल्या वाक्यांपैकीच एक. "आमचं बी कोरडं पडलं तर झोपते, मरत नाही." अर्थ मला तेव्हाही कळला नव्हता, पण दुकानाला कुलूप घालून मी मुंग्यांसकट सौंसरची बस पकडली.

साडभाऊ घरी पायरीवर बसले होते. नागपूरला गेलेच नव्हते. मी धोतर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आधी ते बोलून टाकलं. "काकूबाईंना मीच सांगितलं होतं. कांजी आहे म्हणून." त्यांनी मांडीवरचं धोतर चाचपलं. मग म्हणाले, "पण तुमाले तर मीच सांगितलं होतं. उदाहरण माझंच कच्चं." आणि धोतराची घडी नाकाशी नेऊन त्यांनी हाक मारली, "अवो, स्टोव्ह पेटवा!"

चौथ्या दिवशी बशीत वर्तुळ उठलं. ते बशी घेऊन नागपूरला सरांच्या घरी गेले. सरांनी चष्मा लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." पण खुर्ची गेली होती, यादीतून नाव कमी झालं होतं, नवा अर्ज नव्या माणसाकडे करायचा होता. तो साडभाऊंनी केला नाही. मी कितीदा विचारलं. दर वेळी ते सांगत, "सर म्हणाले ना, बरोबर आहे," आणि असे हसत की मला पुढे विचारता येत नसे. माझ्या एका शब्दापायी त्यांच्या नावामागे डॉक्टर लागलं नाही, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. परसराम तेवढा त्यांना डागदरसाब म्हणत राहिला. पुढे टेरिकॉट आलं, पुड्यातली धुण्याची पावडर आली, लोकांनी कांजी सोडली आणि त्याची भट्टी थंड झाली. जंतूंचं माहेर गेलं, पण साडभाऊंच्या घरी त्यांना रोज पेज मिळत राहिली. कोणी मागत नव्हतं, कोणाला दाखवायचं नव्हतं, तरी दर आठवड्याला वर्तुळ पाहून ते घरभर फिरून येत.

साडभाऊंना जाऊन आता काही वर्षं झाली. तेराव्याला ताईंनी मला आत बोलावलं आणि तो स्टीलचा डबा हातात दिला. "याईले पेज पाजाले सांगून गेले. म्हणाले, त्याईलेच द्या, ते पक्के आहेत." मी पक्का! तेव्हापासून दर रविवारी दुकान बंद असलं की मी डबा कोमट करतो, पेज ओततो, बशीत थर लावतो, थेंब टाकतो. बायको दाराशी उभी असते. आत काय आहे ते मला आजही सांगता यायचं नाही. जंतू जिवंत आहे म्हणे, विकर जिवंत नाही, पण काम ते करतं. साडभाऊ नाहीत, आणि तरी माझा रविवार त्यांच्याच कामात जातो, तेव्हा यातलं नेमकं कोण गेलं आणि कोण राहिलं, याचा हिशोब मला लागत नाही. परवाच्या रविवारी नातवाने विचारलं, "आबा, काय आहे हो यात?" मी तोंड उघडलं, मग डबा आधी दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला.

"कांजी नाही," मी म्हणालो. "एवढं पक्कं आहे."